साहेब कोणाचे? कोर्टाची मोकळीक आणि जजला विचारायचा जाब, साध्या भाषेत

माझ्या आत्याची गिरगावात पागडीची खोली आहे, दहा बाय बारा आणि वर पोटमाळा, आणि त्या खोलीवरून घरमालकाशी केस चालू आहे, किती वर्षं झाली ते तिलाही आता बोटांवर मोजून सांगावं लागतं. तिला जिने चढवत नाहीत म्हणून तारखेला मी सोबत जातो. मागच्या खेपेला कोर्टरूमबाहेर बाकड्यावर बसलो होतो, दारावर दिवसाचा बोर्ड चिकटवलेला, त्यात आमचं मॅटर ५२ नंबरला, पट्टेवाला एकेक नाव पुकारतोय, आणि आत नवीन जज, उन्हाळी सुट्टीनंतरच्या बदल्यांत आलेले. आत्याने पिशवीतून बाटली काढली, दोन घोट पाणी प्यायली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "हे साहेब कोणाचे रे?"

"कोणाचे म्हणजे?"

"म्हणजे मालकाच्या ओळखीतले की कसे?"

मी फोर्टात एका सॉलिसिटरच्या ऑफिसात ११ वर्षं क्लार्क होतो, फायली घेऊन कोर्टाकोर्टांतून फिरलोय, आणि हा प्रश्न मी प्रत्येक मजल्यावर ऐकलाय. कोणी साहेबांचं गाव विचारतं, कोणी आडनाव, कोणी विचारतं आधी कोणाकडे ज्युनियर होते, समोर मोठा बिल्डर असेल तर लोक विचारतात की वरून फोन आला तर काय होईल. टीव्हीवर न्यायपालिकेचं स्वातंत्र्य वगैरे जड शब्द ऐकू येतात ना, ते म्हणजे आत्याचा हाच प्रश्न. आणि साहेब खरंच मालकाचे निघाले तर कोणाकडे जायचं, हा जो पुढचा प्रश्न आहे त्याला उत्तरदायित्व म्हणतात. हे दोन्ही एकत्र समजून घेतलं नाही तर गडबड होते, कारण एकाचं नाव पुढे करून दुसऱ्याचा गळा दाबायचे प्रकार जगभर झालेत, आणि त्यातून शेवटी मार खातो तो बाकड्यावर बसलेला माणूस.

आधी एक गैरसमज काढू. जजला सहज काढता येत नाही, पगार कमी करता येत नाही, त्याने दिलेल्या निकालासाठी त्याच्यावर केस टाकता येत नाही, हे ऐकलं की लोकांना वाटतं की ही साहेबलोकांची चैन आहे. तसं नाहीये ते. ही सोय आत्यासाठी आहे. उद्या आत्याच्या बाजूने निकाल देणं योग्य असेल आणि तसा निकाल दिल्यावर साहेबांची नोकरी, बदली, पगार यातलं काहीच कोणी हलवू शकत नसेल, तरच साहेब तो निकाल न घाबरता लिहितील. समोर सरकार असेल तर हे अजूनच खरं, कारण आपल्याकडे कोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकारच आहे, आणि ज्याच्याविरुद्ध केस आहे त्याच्याच हातात जजची नोकरी असेल तर मग कसला न्याय.

हे शहाणपण इंग्लंडला फार मार खाऊन आलं. तिथे जज राजाची मर्जी असेपर्यंतच खुर्चीवर असायचे. एडवर्ड कोक नावाचा चीफ जस्टिस राजाला ऐकेना, तर पहिल्या जेम्सने १६१६ साली त्याला सरळ घरी पाठवला. पुढे राजा आणि पार्लमेंटमध्ये युद्ध झालं, एका राजाचं डोकं उडालं, एक पळून गेला, आणि या सगळ्यातून १७०१ साली कायदा आला की जज खुर्चीवर राहील तो त्याची वागणूक नीट असेपर्यंत, आणि त्याला काढायचं तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी मागणी करायला पाहिजे. ‘मर्जी’च्या जागी ‘वागणूक’, एवढाच बदल, पण पुढे जगभरात जे काही झालं ते या एका बदलाच्या पोटातून आलं. या पद्धतीने तिथे आजवर एकच जज काढला गेलाय, १८३० साली, आयर्लंडमधला जोना बॅरिंग्टन, कोर्टात जमा झालेले पैसे खाल्ले म्हणून.

आता यातली आपल्याला झोंबणारी गोष्ट. हेच इंग्रज १८६१ साली आपल्यासाठी हायकोर्टांचा कायदा करतात, त्यातून १८६२ साली मुंबई हायकोर्ट सुरू होतं, आणि त्या कायद्यात लिहिलेलं असतं की इथले जज महाराणीची मर्जी असेपर्यंत खुर्चीवर राहतील. म्हणजे स्वतःच्या देशात त्याच्या दीडशे वर्षं आधी जे फेकून दिलं ते आपल्या गळ्यात घातलं.

फोर्टातल्या हायकोर्टात ४६ नंबरची कोर्टरूम आहे. ऑफिसात लागलो तेव्हा सीनियर क्लार्कनी पहिल्या आठवड्यात मला तिथे नेलं होतं, काम काही नव्हतं, नुसतं दाखवायला. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला इथे चालला. समोर जज होते दिनशा दावर. हेच दावर १८९७ च्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचे वकील म्हणून जामीन मागायला उभे राहिले होते आणि तो जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला होता. अकरा वर्षांनी बॅरिस्टर जिना टिळकांसाठी जामीन मागायला उभे राहिले तर दावरांनी तो नाकारला. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, सात विरुद्ध दोन असं दोषी ठरवलं, आणि दावरांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली, मंडाले. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, माणसांचं आणि राष्ट्रांचं नशीब हाती असलेल्या शक्ती याहून वरच्या आहेत, असं टिळक तिथे म्हणाले आणि ते शब्द कोरलेली पाटी १९५६ साली चीफ जस्टिस छागलांच्या हस्ते तिथेच लागली. दावरांच्या मनात काय होतं ते कोणी सांगू शकणार नाही. पण मला त्या पाटीसमोर उभं राहून नेहमी वाटतं की माणूस तोच होता, कायद्याचं ज्ञान तेवढंच होतं, बदलली होती ती खुर्ची, आणि ती खुर्ची मर्जीवर टांगलेली होती. आत्या जेव्हा विचारते साहेब कोणाचे, तेव्हा तिला कळायला पाहिजे की उत्तर साहेबांच्या स्वभावात नसतं, ती खुर्ची कशाला बांधलीय त्यात असतं.

आपल्या घटनेने ती चांगली घट्ट बांधली. हायकोर्टाचा जज ६२ पर्यंत, सुप्रीम कोर्टाचा ६५ पर्यंत. पगारावर सभागृहात मतदान होत नाही, तो थेट तिजोरीतून जातो. जजच्या वागणुकीवर संसदेत चर्चासुद्धा करता येत नाही, त्याला काढायचा ठराव आला तरच. आणि तो ठराव पास व्हायला दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत पाहिजे, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश पाहिजेत, आणि कारण दोनच, सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा काम करायची क्षमता नसणं.

कागदावर हे पोलादी आहे. पण खुर्ची हलवायला नेहमी लाथच मारावी लागते असं नाही, हळूच एक पाचर काढली तरी ती डुगडुगते.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती केसचा निकाल लागला, संसद घटनेचा मूळ ढाचा बदलू शकत नाही, ७ विरुद्ध ६. लगेच पुढच्या एक-दोन दिवसांत सरकारने शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तीन सीनियर जजना डावलून ए. एन. रे यांना चीफ जस्टिस केलं. कोणाला काढलं नाही, कोणाचा पगार कापला नाही, घटनेचं एक अक्षर मोडलं नाही, पण तिघांनी राजीनामे दिले आणि उरलेल्या सगळ्यांना निरोप पोचला. आणीबाणीत १९७६ ला प्रश्न आला की सरकारने कोणाला उचलून आत टाकलं तर त्याने कोर्टात दाद मागायची की नाही. कितीतरी हायकोर्टं लोकांच्या बाजूने बोलली होती. सुप्रीम कोर्टात पाचपैकी चार जज सरकारच्या बाजूने गेले, एकटे एच. आर. खन्ना विरोधात. १९७७ च्या जानेवारीत चीफ जस्टिस व्हायचा त्यांचा नंबर होता, तो दिला दुसऱ्याला, खन्नांनी राजीनामा दिला. त्याच काळात १६ हायकोर्ट जजच्या दुसऱ्या राज्यांत बदल्या झाल्या.

यातली एक गोष्ट आपल्या मुंबई हायकोर्टाची आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीय. यू. आर. लळित हे ॲडिशनल जज होते, म्हणजे ठरावीक मुदतीचे, मुदत संपली की साधारणपणे कायम करतात. त्यांनी आणीबाणीत आत टाकलेल्या विद्यार्थ्यांना जामीन दिला. मुदत संपली आणि त्यांना कायम केलं नाही. बस्स, एवढंच. कारण सांगायची गरज नाही, चौकशी नाही, हरकत घ्यायला जागा नाही. ते परत वकिली करायला लागले. त्यांचा मुलगा उदय लळित २०२२ ला देशाचा चीफ जस्टिस झाला हे वाचून बऱ्याच जुन्या वकिलांचे डोळे भरून आले होते.

बाहेरच्या देशांतही बघा, युक्त्या याच घराण्यातल्या. पोलंडने सुप्रीम कोर्टाच्या जजचं रिटायरमेंटचं वय ७० वरून ६५ केलं, ऐकायला किती साधं, कोणाला वाटेल तरुणांना संधी देतायत, पण त्या एका फटक्यात २०१८ च्या जुलैत कोर्टातले जवळजवळ एक तृतीयांश जज घरी जाणार होते, त्यात कोर्टाच्या अध्यक्ष मॉल्गोझाता गेर्सडॉर्फ पण. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारख्या कामावर आल्या, बाहेर लोक जमलेले, त्यांच्यामधून चालत आत गेल्या. पुढे युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१९ ला सांगितलं की हे चुकीचं आहे. हंगेरीने हेच आधी करून बघितलं होतं, ७० वरून ६२. पाकिस्तानात २००७ ला मुशर्रफनी चीफ जस्टिस इफ्तिखार चौधरींना बाजूला केलं तेव्हा काळे कोट रस्त्यावर उतरले, आणि दोन वर्षांच्या आंदोलनानंतर २००९ च्या मार्चमध्ये चौधरी परत खुर्चीवर बसले.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग जजना पूर्ण मोकळं सोडा, कोणी काही विचारायचंच नाही. तर तेही ऐका.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लुझर्न काउंटी म्हणून भाग आहे. तिथे लहान मुलांच्या कोर्टात एक जज होते, मार्क चिव्हारेला, कडक म्हणून फेमस, शाळावाले पण खूश. शाळेच्या व्हाइस प्रिन्सिपलची इंटरनेटवर थट्टा केली म्हणून एका मुलीला त्यांनी घरापासून लांब ठेवायची शिक्षा दिली. बऱ्याच मुलांच्या सोबत वकीलच नसायचा, काही मिनिटांत केस संपायची, आईबाप दारात रडत उभे. नंतर बाहेर आलं की खासगी बालसुधारगृह चालवणाऱ्या आणि बांधणाऱ्या लोकांकडून या जजना आणि त्यांच्या एका सहकारी जजना मिळून २८ लाख डॉलर मिळाले होते. चिव्हारेलांना २८ वर्षांची शिक्षा झाली, दुसऱ्यांना साडेसतरा. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने दोन हजारांहून जास्त मुलांच्या शिक्षा पुसून टाकल्या, पण त्या मुलांची ती वर्षं कोण परत देणार. इतके दिवस हे चाललं कारण साहेबांना विचारायचं नसतं अशी सगळ्यांची समजूत.

मग काही लोक म्हणतात, सोप्पंय, लोकांनाच निवडू द्या जज, आमदार निवडतो तसे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत निवडतात. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीवर ५ कोटी डॉलर भरपाईचा निकाल लागला. अपील राज्याच्या वरच्या कोर्टात जाणार होतं, मधे २००४ ला त्या कोर्टाच्या जजची निवडणूक आली, कंपनीच्या बॉसने एका उमेदवाराला निवडून आणायला ३० लाख डॉलर खर्च केले, उमेदवार जिंकला, आणि पुढे कंपनीचं अपील आलं तेव्हा या जजनी बाजूला व्हायला नकार दिला आणि कंपनीच्या बाजूने मत दिलं, ३ विरुद्ध २. देशाच्या सुप्रीम कोर्टाने २००९ ला सांगितलं की या जजनी केस ऐकायलाच नको होती, आणि तेसुद्धा काठावर, ५ विरुद्ध ४. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे पावतीसकट मिळतं, साहेब कोणाचे, तर ज्याने बॅनरचे पैसे भरले त्याचे. मेक्सिकोने २०२५ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टापासून खालपर्यंत अडीच हजारांहून जास्त जागांसाठी मतदान घेतलं, मतदानाला आले साधारण १३ टक्के लोक. शंभरातल्या १३ जणांना घराबाहेर कोण काढतं हे आपल्याला नगरसेवकाच्या निवडणुकीवरून चांगलंच माहितीय. मला हा रस्ता अजिबात पटत नाही.

मग जाब विचारायचा कसा? सगळा गुंता सोडवणारा एक धागा आहे आणि तो पकडला की पेपरातली कुठलीही बातमी वाचताना आपोआप कळतं की कुठे पाणी मुरतंय. जजला ‘निकाल असा का दिलास’ हे फक्त वरचं कोर्ट विचारू शकतं, अपिलात, आणि तिथे शिक्षा निकालाला होते, म्हणजे तो रद्द होतो, जजला काही होत नाही. ‘वागलास असा का’ हे मात्र विचारलंच पाहिजे: पैसे घेतलेस का, पक्षकाराच्या घरी जेवायला का गेलास, वर्ष वर्ष निकाल राखून का ठेवलास, बाईमाणसाला भर कोर्टात घालूनपाडून का बोललास. निकाल आवडला नाही म्हणून वागणुकीची चौकशी लावणं हा एक दगा, आणि वागणूक वाईट म्हणून प्रश्न विचारला तर ‘आमच्या स्वातंत्र्यावर घाला’ म्हणून ओरडणं हा दुसरा दगा.

यात अजून एक मेख आहे, आणि ती फिलिपिन्सने दाखवली. तिथे जजना मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो, चांगला नियम आहे. २०१२ ला चीफ जस्टिस रेनाटो कोरोना यांनी संपत्ती लपवली म्हणून त्यांच्यावर महाभियोग, म्हणजे पदावरून काढायचा खटला, आला, सिनेटमध्ये उघड खटला चालला, रोज टीव्हीवर, साक्षी, उलटतपासणी, त्यांना स्वतःला बोलायला मिळालं, आणि २० विरुद्ध ३ मतांनी ते गेले. सहा वर्षांनी, २०१८ ला, पुढच्या चीफ जस्टिस मारिया लूर्देस सेरेनो. त्या राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंवर टीका करत होत्या. त्यांच्यावर पण मालमत्तेच्या हिशेबाचाच विषय काढला, जुन्या काही वर्षांचे कागद भरले नव्हते म्हणून. पण या वेळी सिनेटचा रस्ता सोडून सरकारी वकिलांनी अर्ज केला की यांची नेमणूकच मुळात बाद आहे, आणि त्यांच्याच सहकाऱ्यांनी ८ विरुद्ध ६ ने त्यांना घालवलं. म्हणजे नियम तोच, देश तोच, खुर्ची तीच. सुरीने भाजी पण चिरतात आणि गळा पण, म्हणून सुरी कोणाच्या हातात आहे आणि तो काय करतोय हे सगळ्यांना दिसतंय का, हे बघायला लागतं.

दक्षिण आफ्रिकेचं मला यातलं काही आवडतं आणि काही बघून धडकी भरते. तिथे जज व्हायचं असेल तर एका आयोगासमोर उघड मुलाखत होते, लोक टीव्हीवर बघतात, तुझे जुने निकाल, तुझी वागणूक, सगळं विचारतात. पण एन्कोला मोटाटा नावाचे हायकोर्ट जज २००७ च्या जानेवारीत दारू पिऊन गाडी चालवत होते, जोहान्सबर्गमध्ये एका घराच्या भिंतीवर आदळले, कोर्टात दोषी ठरले, आणि त्यांना पदावरून काढणारं मतदान संसदेत झालं २०२४ च्या फेब्रुवारीत. सतरा वर्षं!

केनियात तर लोक उघड म्हणायचे, वकील कशाला करता, जजच विकत घ्या. तिथे २०१० ला नवी घटना आली आणि आधीच्या प्रत्येक जजची एका मंडळाकडून छाननी झाली, काहींना घरी जावं लागलं. एवढी साफसफाई केल्यावर उरलेले जज घाबरून सरकारचे होतील असं वाटेल ना? त्याच केनियाच्या सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०१७ ला खुर्चीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक रद्द केली.

आता आपलं घर. आपल्याकडे वरच्या कोर्टातल्या जजला विचारायचा रस्ता म्हणजे महाभियोग, लोकसभेचे १०० किंवा राज्यसभेचे ५० खासदार सही करणार, मग तीन जणांची समिती, मग मतदान. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींच्या केसमध्ये समिती होती पी. बी. सावंतांची, सरकारी घरासाठी केलेल्या खर्चाचे वगैरे १४ आरोप, त्यातले ११ सिद्ध झाले असं समितीने सांगितलं. १९९३ ला लोकसभेत मतदान झालं, ठरावाच्या बाजूने १९६, विरोधात शून्य, आणि काँग्रेसचे वगैरे २०५ जण मतच न देता बसून राहिले. ठराव पडला. २०११ ला कलकत्ता हायकोर्टाच्या सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेने ठराव पास केला, लोकसभेत यायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला.

म्हणजे या टोकाला महाभियोग, जो पार पडत नाही, आणि त्या टोकाला काहीच नाही. मधली पायरी कुठेय? ती शोधायची वेळ मुंबईमुळेच आली. १९९५ ला मुंबई हायकोर्टाच्या तेव्हाच्या चीफ जस्टिसना परदेशी प्रकाशकाकडून पुस्तकासाठी मोठी रक्कम मिळाल्यावरून वकील संघटनेने राजीनामा मागितला, त्यांनी तो दिला, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तिथे म्हटलं गेलं की वकिलांनी जजवर असा दबाव आणायचा नाही, तक्रार चीफ जस्टिसकडे न्यायची, आणि ते आतल्या आत बघतील. त्यातूनच पुढे इन-हाउस चौकशीची पद्धत आली, म्हणजे जजची चौकशी जजच करणार. दबावाची भीती खरी आहे, मी मान्य करतो, उद्या पैसेवाल्या पक्षकारांचे वकील एकत्र आले तर सरळ जजचं जगणं मुश्किल करतील. पण त्या चौकशीत काय निघालं ते तुम्हाआम्हाला सहसा कळतच नाही. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीत एका हायकोर्ट जजच्या बंगल्यात आग लागली, जळक्या नोटांचे व्हिडिओ आले, जजनी आपला काही संबंध नाही म्हणून सांगितलं. त्या वेळी सुप्रीम कोर्टाने व्हिडिओ आणि जजचं उत्तर दोन्ही वेबसाइटवर टाकलं, आणि मला ते फार मोठं वाटलं, कारण तसं झालं नसतं तर लोकांनी मनाला येईल ते खरं धरलं असतं. त्याच सुमारास सुप्रीम कोर्टाच्या जजनी स्वतःच्या मालमत्तेची माहितीही वेबसाइटवर टाकली.

नेमणुकांचं पण तसंच. १९९३ पासून जजच जज नेमतात, कॉलेजियम म्हणतात त्याला. हे का झालं ते वर वाचलंत, १९७३ चा आणि आणीबाणीचा चटका. सरकारने २०१४ ला नवा आयोग आणला, त्यात कायदामंत्री आणि दोन बाहेरचे नामवंत, कोणत्याही दोघांनी नाही म्हटलं की नाव कट, आणि सुप्रीम कोर्टाने २०१५ ला तो ४ विरुद्ध १ ने रद्द केला. माझं मत विचाराल तर सरकारच्या हातात परत देणं नको, पण बंद दाराआडचं कॉलेजियमही नको. इंग्लंडमध्ये २००६ पासून आयोग आहे, त्याचा अध्यक्ष वकील किंवा जज नसलेला माणूस असतो, जागेची जाहिरात येते, लोक अर्ज करतात. एवढं आपल्याला जमू नये?

आणि हे सगळं वरच्या कोर्टांचं झालं, आपल्यातल्या बहुतेकांची केस असते ती खाली. खालच्या कोर्टांचे जज हायकोर्टाच्या हाताखाली असतात, त्यांची बदली, बढती, चौकशी सगळं हायकोर्ट बघतं, आणि तिथे लोकांना खरंच घरी पाठवलं जातं. तक्रार करायची तर हायकोर्टाच्या रजिस्ट्रारकडे, सोबत ॲफिडेव्हिट आणि तपासता येईल असा पुरावा, निनावी चिठ्ठी कोणी बघत नाही. साहेब दुसऱ्या बाजूचे आहेत असं सबळ कारणाने वाटत असेल तर केस दुसऱ्या जजकडे मागायचा अर्ज करता येतो. आणि जज स्वतःहून बाजूला होऊ शकतात, त्याला आमच्या भाषेत ‘नॉट बिफोर मी’ म्हणतात, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, एक ओळ पडते आणि मॅटर दुसऱ्या कोर्टात जातं.

आमचा ५२ नंबर पुकारला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. दोन्ही वकील पुढे गेले. साहेबांनी फाइल चाळली, मग मालकाच्या वकिलांकडे बघितलं, चष्मा काढला आणि म्हणाले की मी वकिली करायचो तेव्हा पंधरा वर्षांपूर्वी हे आणि मी एकाच चेंबरमध्ये दोन वर्षं होतो, नंतर काही संबंध नाही, पण दुसऱ्या बाजूला हे माहीत असायला हवं, हरकत असेल तर पुढच्या तारखेला सांगा, मी मॅटर सोडेन. क्लार्कला म्हणाले, रोजनाम्यात घ्या. आणि पुढचा नंबर.

आत्याला ऐकू कमी येतं, बाहेर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती जिन्यात मधेच थांबली, कठडा धरला आणि म्हणाली, "असं भर कोर्टात स्वतःच सांगितलं? सगळ्यांसमोर?" मी म्हटलं हो. आमचे वकील म्हणतायत हरकत घेऊ, उगाच रिस्क कशाला. आत्याने अजून काही ठरवलेलं नाही. तारीख पुढच्या महिन्यात १९ ची आहे.